लॅब बंद झाल्यावर

लंडनच्या हॅरो उपनगरात राहायला आल्यानंतरचा तो आमचा पहिलाच उन्हाळा होता. मी मागच्या गार्डनमध्ये कपडे वाळत घालत होते आणि मान वाकडी करून, खांद्याशी फोन दाबून नागपूरला आईशी बोलत होते. कुंपणापलीकडून आवाज आला, "कापडं आत घे मुली, पाऊस येतोय."

मी दचकले. पलीकडे एक बुटके, सावळे गृहस्थ टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. आम्ही त्यांना इतके दिवस गुजराती समजत होतो.

"तुम्ही मराठी?"

"मग काय. आष्टमकर. भायखळ्याचा." मग जरा थांबून म्हणाले, "एझरा आष्टमकर."

एझराकाका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून मुंबईला आलेल्या मराठी ज्यू लोकांपैकी. त्यांच्या बायकोचं, सॅलीमावशींचं, माहेर आधीच लंडनला येऊन स्थिरावलं होतं. त्यांच्याशी लग्न ठरलं म्हणून काका चौऱ्याहत्तर साली इथे आले, आणि त्यांची मराठी त्याच सालात थांबली. ते 'इष्टेशन' म्हणत, 'शिनेमा' म्हणत. मुलगी अदीना लग्न होऊन मँचेस्टरला होती, त्यामुळे घरात दोघंच. मावशी एका प्रायमरी शाळेच्या किचनमध्ये कामाला जायच्या आणि काका वॉटफर्डच्या एका फोटो लॅबमध्ये होते.

ही लॅब पोस्टावर चालायची. लोक कॅमेऱ्यातला रोल कागदी पाकिटात घालून पाठवायचे आणि आठवड्याभरात धुतलेले फोटो घरी यायचे. काका प्रिंटिंगवर. मशीनमधून फोटो बाहेर पडत आणि रंग बरोबर आहेत की नाही ते काका बघत. एकोणतीस वर्षं त्यांनी लोकांची लग्नं, बाळं, समुद्रकिनारे आणि कुत्री बघितली होती. पाकिटं कमी व्हायला लागलीत हे तिथे सगळ्यांनाच दिसत होतं. डिजिटल कॅमेरे आले होते, दुसरी पाळी बंद झाली होती. पण काकांचा हिशेब असा, की रिटायर होईपर्यंत लॅब काही ना काही करून चालेल. माणसं कमी करतील, आधी नोटीस देतील, आपण जुने आहोत.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात एका सकाळी काम सुरू झाल्यावर तासाभरातच सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. मॅनेजर दिसत नव्हता. सूट घातलेला एक तरुण मुलगा उभा होता, त्याला कोणीच ओळखत नव्हतं. कंपनी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली, असं त्याने वाचून दाखवलं. म्हणजे कंपनीचं दिवाळं निघालं होतं आणि आता हिशेबतपासनीसांची एक फर्म कारभार बघणार होती. तुमच्या नोकऱ्या आजपासून संपल्या, त्याने सांगितलं. लॉकर रिकामे करा. देणी सरकारी फंडातून मिळतील, त्याचे कागद घरी येतील.

"कोणी काही बोललं नाही का?" मी नंतर एकदा विचारलं.

"एकाने विचारलं, मशीन चालू आहेत, ती बंद करायची का. त्या पोराला माहीतच नव्हतं. म्हणाला, विचारून सांगतो."

काकांनी कार्डिगन, चहाचा मग आणि डबा घेतला आणि बस पकडली. इतक्या वर्षांत त्या वेळेला त्या रस्त्याने ते कधी आले नव्हते. बसमध्ये सगळ्या म्हाताऱ्या बायका आणि बाबागाड्या घेतलेल्या आया. एका बाईने त्यांना आपल्या शेजारची सीट दाखवली. डब्यातली चपाती-भाजी त्यांनी घरी येऊन, स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्ली.

मी दुपारी कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर आले तेव्हा ते टोमॅटोची वाळलेली रोपं उपटत होते.

"काका, आज सुट्टी?"

"हो. सुट्टीच." त्यांनी आणखी एक रोप उपटलं, मुळांची माती झटकली. "लॅब बंद झाली गं, ऋजुता."

माझा नवरा शार्दूल सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या ऑफिसात कोणाची ना कोणाची नोकरी गेल्याचं अधूनमधून कानावर यायचं. पण ती माणसं महिन्याभरात दुसरीकडे लागलेली असायची. मी म्हटलं, "मिळेल हो काका दुसरी." ते म्हणाले, "मिळेल ना," आणि पुन्हा वाकले.

चार-पाच दिवसांनी त्या फर्मचा फोन आला. लॅबमध्ये गिऱ्हाइकांचे रोल आणि तयार फोटो अडकून पडले होते, ते परत पाठवायचे होते. जुन्यापैकी दोन-तीन माणसं थोडे दिवस हवी होती. काका गेले. मला वाटलं, बरं झालं, जरा सवय मोडायला वेळ मिळेल. तसं झालं नाही. मशीन बंद, हीटिंग बंद, हॉलमध्ये अर्ध्याच ट्यूब चालू. काका कोट घालून बसत आणि पाकिटांवर पत्ते चिकटवत. ज्यांचे पत्ते वाचता येत होते ती पोस्टात गेली. उरली ती परत आलेली, न उचललेली, पत्ता फाटलेली. काही पाच-सहा वर्षांपूर्वीची होती.

"एक महिना ठेवून बघू या का," काकांनी त्या सूटवाल्या मुलाला विचारलं. "लोक फोन करतील."

"कोणाला करतील?" तो म्हणाला. तसा चांगला होता तो, काकांच्या म्हणण्याप्रमाणे. रोज जाताना थँक्यू म्हणायचा. जागा रिकामी करायची तारीख ठरली होती, त्याच्याही हातात काही नव्हतं. शेवटच्या दोन दिवसांत एक ट्रक आला आणि ती उरलेली पाकिटं काकांनी आणि आणखी एका माणसाने पिंजऱ्याच्या ट्रॉल्यांमध्ये भरून त्यात चढवली. कागद बारीक करणाऱ्या कंपनीचा ट्रक होता.

"उघडून बघितलंत का एखादं?" मी विचारलं.

"सुरुवातीला बघितली दोन-चार. नाव कुठे लिहिलंय का, म्हणून. एकात वाढदिवस होता, एकात नुसता बर्फ. मग म्हटलं, नको."

त्या पंधरवड्यानंतर ते खरे दमले. नोकरी गेली त्या दिवसापेक्षा जास्त.

मग शोध सुरू झाला. एझराकाकांचं वय तेव्हा सत्तावन्न. त्यांनी आयुष्यात कधी सीव्ही लिहिला नव्हता. भायखळ्याच्या एका फोटो स्टुडिओत मामांनी चिकटवलं होतं, आणि वॉटफर्डच्या लॅबमध्ये गेटवर जाऊन विचारलं होतं, माणूस पाहिजे का. आता आमच्या डायनिंग टेबलाशी माझ्या लॅपटॉपसमोर आम्ही दोघं बसलो.

"तुम्ही रोज नेमकं काय करत होता, सांगा."

"फोटो बघायचे. माणूस निळा दिसला की पिवळं वाढवायचं. सगळेच पिवळे यायला लागले की कुठेतरी केमिकल बिघडलंय, ते सांगायचं."

"आणखी?"

"नव्या माणसाला शिकवायचं. बाकी बघणंच."

त्याचं मी इंग्रजीत 'कलर क्वालिटी कंट्रोल' केलं, 'स्टाफ ट्रेनिंग' केलं. अदीनाने मँचेस्टरहून फोनवर भर घातली. ती इथेच जन्मलेली, घरी आईबापांशी मराठीत बोलायची पण तिचं व्याकरण तिच्या सोयीचं. "डॅड, तुझी सीव्ही खूप लांब झाला आहे. एक पान पाहिजे. आणि तुझा डेट ऑफ बर्थ काढ." काकांनी तेही काढलं. छापलेला कागद त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचला आणि खाली ठेवला.

"चांगला वाटतोय माणूस," ते म्हणाले. "घेतील याला."

बेकारभत्त्यासाठी जॉब सेंटरला, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, दर पंधरा दिवसांनी सही करायला जावं लागे. तिथली सल्लागार मुलगी अदीनापेक्षा लहान होती. लॅबचं काम आता कुठेच नाही, हे तिलाही माहीत होतं, तिने कॉम्प्युटर वळवून दाखवलं. गोदाम, सफाई, सिक्युरिटी, केअर होम. काकांनी सगळीकडे हो म्हटलं. पण अर्ज कॉम्प्युटरवर करायचे होते, म्हणून ते लायब्ररीत जायचे. तिथे प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळायचा. काका एका बोटाने टाइप करत, मागच्या पाच वर्षांतले राहण्याचे पत्ते भरत, शाळेचं नाव भरत. मग स्क्रीनवर यायचं की वेळ संपली, आणि लिहिलेलं सगळं जायचं. दोनदा असं झाल्यावर मी म्हटलं, आमच्याकडे येऊन करत जा. ते एकदा आले, पण मी घरात मधेमधे वावरत होते त्याचा त्यांना संकोच वाटला. पुन्हा लायब्ररीतच जायला लागले.

बहुतेक ठिकाणांहून उत्तर येत नसे. हे त्यांना सगळ्यात विचित्र वाटायचं. "नाही म्हणायला किती वेळ लागतो?" ते विचारायचे, पण रागाने नाही. खरंच माहिती करून घ्यायची असल्यासारखे.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका नव्या सुपरमार्केटने बोलावलं. शेल्फ भरायचं काम होतं. मावशींनी त्यांचा सूट इस्त्री करून दिला. तिथे गेल्यावर कळलं की दहा-बारा जणांचा एकत्र इंटरव्ह्यू आहे आणि बाकी सगळी कॉलेजची पोरं आहेत. त्यांच्या टोळ्या केल्या आणि वर्तमानपत्रं आणि सेलोटेप देऊन पूल बांधायला लावला. काका म्हणाले, पोरं चांगली होती, मला सेलोटेप धरून ठेवायचं काम दिलं. मग गोल बसवून प्रत्येकाला विचारलं, तुम्ही प्राणी असता तर कोणता असता. एक मुलगी डॉल्फिन म्हणाली. एक सिंह. दोन कुत्री.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"बैल."

"इंग्रजीत?"

"बुलक म्हटलं. ती बाई म्हणाली, इंटरेस्टिंग, आणि लिहून घेतलं."

सॅलीमावशी सिंकशी भांडी घासत होत्या. त्यांना हसू आलं, खांदे हलताना मला दिसले. काकाही हसले. पण मग बराच वेळ त्यांनी चहाला हात लावला नाही.

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, कार्पेटचं मोठं गोदाम असलेले. त्यांना विचारा, असं मावशी पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. काका टाळत होते. तीस वर्षं शनिवारी ज्याच्या शेजारी बसलो त्याच्यापुढे हात पसरायचा, हे त्यांना जड जात होतं. शेवटी एका शनिवारी त्यांनी विचारलं. तो माणूस लगेच म्हणाला, अरे एझरा, आधी का नाही सांगितलंस, मी बघतो. पुढच्या शनिवारी त्याने लांबूनच हात केला. त्याच्या पुढच्या शनिवारी काका गेले नाहीत. पाय दुखतो म्हणाले.

जानेवारीत ते अंथरुणातून उठेनासे झाले. मला हे मावशींकडून कळलं. थंडीमुळे कुंपणापाशी उभं राहवत नव्हतं, म्हणून त्या आमच्याकडे आल्या आणि कोट न काढताच खुर्चीवर बसल्या. शाळेतून आल्या होत्या, हातांना कांद्याचा वास होता.

"उठतच नाहीत गं. मी सकाळी अंधारात जाते तेव्हा भिंतीकडे तोंड. दुपारी येते तेव्हा तसंच. जेवण ठेवलेलं तसंच. आजारी म्हणावं तर ताप नाही."

"डॉक्टरांकडे नेलंत?"

"गोळ्या दिल्यात. घेतात. सहीच्या दिवशी तेवढे उठतात, जाऊन येतात, परत झोपतात. मी रागावले नाही अजून. रागवायला पण अंगात काहीतरी लागतं."

मी चहा केला. त्यांनी तो कपावर हात शेकत सावकाश प्यायला आणि उठल्या. दारात म्हणाल्या, "बाईमाणसाला असं झोपून राहता येत नाही बघ."

पुढे काय झालं ते त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्याच नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शाळेत फोन करून येत नाही म्हणून कळवलं आणि बाहेरच्या कपड्यांनिशी काकांच्या शेजारी पलंगावर आडव्या झाल्या.

काकांनी मान वळवली. "काय गं? बरं नाही?"

"थकलेय."

"मग झोप."

"झोपतेच आहे." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "एझरा, नोकरी नाही मिळाली तर नको मिळू दे. त्याचं मला काही नाही. पण मी या घरात रोज एकटी उठते ना, त्याने मी जास्त थकते."

दोघं दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. मावशींना खरंच झोप लागली. जाग आली तेव्हा काका शेजारी नव्हते. स्वयंपाकघरात अंडी उकळत होती आणि ते रात्रीच्या कपड्यांवर कार्डिगन घालून गॅसपाशी उभे होते.

यातून सगळं एकदम सुधारलं असं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी मावशींच्या आधी उठून त्यांचा चहा करायचा, एवढं काकांनी सुरू केलं. त्या गेल्या की ते कधी परत झोपत, कधी नाही. मग हळूहळू लायब्ररी पुन्हा सुरू झाली. दाढी रोज होऊ लागली. मला गार्डनमध्ये दिसायला लागले, थंडीत नुसतेच उभे.

काम मिळालं ते शाळेच्या किचनमधूनच. मावशींच्या बरोबरीच्या एका बाईचा नवरा कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, मिनीबस चालवायचा. म्हाताऱ्या माणसांना घरून डे सेंटरला, म्हणजे दिवसाच्या विरंगुळा केंद्रात, न्यायचं आणि दुपारी परत सोडायचं. बसमध्ये ड्रायव्हरबरोबर एक मदतनीस लागतो, हात धरून चढवायला, पट्टे बांधायला. ती जागा रिकामी होती. काम सकाळी थोडे तास आणि दुपारी थोडे तास, पगार लॅबपेक्षा बराच कमी.

इंटरव्ह्यू घेणारी बाई खोकत होती. तिने विचारलं, लवकर उठता येतं का, पाठ कशी आहे, एखादा पॅसेंजर तुमच्यावर ओरडला तर काय कराल. काका म्हणाले, ओरडू देईन. तिने मान डोलावली. प्राण्यांबद्दल काही विचारलं नाही. मग पोलीस तपासणीचा कागद यायला आणखी दीड महिना गेला. त्या दिवसांत काका पुन्हा खचतील अशी आम्हाला भीती होती. पोस्टमन येऊन गेला की ते दारापर्यंत जात आणि परत येत. मार्च संपता संपता कागद आला.

पहिल्या आठवड्यात ते संध्याकाळी जेवतानाच पेंगायचे. कंबर धरली होती. दिवसभर बसून काम केलेला माणूस, आता रोज चढउतार. "कसं आहे काम?" मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बरं आहे." मग म्हणाले, "लॅबमध्ये माणसं फोटोत गप्प असायची. ही फार बोलतात." अदीनाला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूश झाली, म्हणाली, डॅड, आय अ‍ॅम सो प्राउड. काकांनी फोन मावशींकडे दिला. प्राउड वगैरे ऐकायला त्यांना अवघड व्हायचं. हे काम त्यांनी निवडलेलं नव्हतं, मिळालं म्हणून घेतलं होतं, आणि याहून बरं मिळेल असं त्यांना आता वाटत नव्हतं. हे त्यांनी मला सरळ सांगितलं, त्यात तक्रार नव्हती.

सिनेगॉगलाही ते पुन्हा जायला लागले. कार्पेटवाले गृहस्थ एकदा जवळ येऊन म्हणाले, एझरा, ते तुझं राहूनच गेलं. काका म्हणाले, झालं माझं. तेवढ्यावर तो विषय मिटला. बसायचे मात्र काका आता दुसऱ्या बाकावर.

आम्ही त्यानंतर दोन वर्षं हॅरोला होतो आणि तोवर काका त्याच बसवर होते. एकदा मला जवळच पिनरला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. एका गल्लीत ती पांढरी मिनीबस दिवे लावून उभी दिसली. एका घराच्या पायरीखाली काका, पिवळं जाकीट घातलेले. वर दारात एक उंच, वाकलेली इंग्लिश म्हातारी कुलूप लावत होती. कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा उघडलं आणि आत गेली.

"मिसेस व्हीलर," काका मला म्हणाले. "गॅस बघायला गेली."

"रोज असंच?"

"रोज. घाई केली की पहिल्यापासून सुरू करते."

ती बाहेर आली, कुलूप लावलं, ओढलं, पुन्हा आत गेली. बसमध्ये आधीच बसलेले तीन-चार जण खिडकीतून बघत होते, त्यातल्या एकाचा डोळा लागला होता. ड्रायव्हरने हलकेच हॉर्न वाजवला. काकांनी मागे न बघता हात वर करून त्याला थांबवलं. वारा गार होता. त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, कंबर जरा दाबली.

"तू जा, तुला उशीर होईल," ते मला म्हणाले. "मावशीला सांग, मी येताना ब्रेड आणतो."

मी निघाले. वळणावरून पाहिलं तेव्हा म्हातारी पुन्हा दारात आली होती, आणि काका एक पायरी वर चढून तिची पर्स धरून उभे होते.